अमेरिकन साहित्याचे कालखंड : साधनं कुठे शोधायची आणि कोणती आवृत्ती धरायची

मृत्यूसोबत बग्गीतून फेरफटक्याला निघालेल्या बाईची कविता एमिली डिकिन्सनने लिहिली. ती इंटरनेटवर शोधली की दोन वेगळे मजकूर हाती येतात. एकावर 'द चॅरिअट' असं शीर्षक आहे, कडवी पाच आहेत आणि शाळेतली मुलं 'प्लेड', म्हणजे खेळत होती, असं म्हटलंय. दुसऱ्याला शीर्षकच नाही, कडवी सहा आहेत, ओळीओळीत आडव्या रेघा आहेत आणि तीच मुलं तिथे 'स्ट्रोव्ह' करताहेत, म्हणजे मधल्या सुट्टीत रिंगण धरून चढाओढ करताहेत. पहिला मजकूर १८९० सालचा आहे. डिकिन्सन १८८६मध्ये वारल्यावर मेबेल लूमिस टॉड आणि टॉमस हिगिन्सन यांनी कविता 'नीटनेटक्या' करून छापल्या, त्यात एक अख्खं कडवं गळलं. दुसरा मजकूर तिच्या हस्तलिखितावरून घेतलेला आहे. पहिल्याचा स्वामित्वहक्क कधीच संपला, म्हणून फुकटच्या संकेतस्थळांवर बहुधा तोच असतो. निबंधात डिकिन्सनच्या रेघांवर परिच्छेदभर लिहायचं आणि खाली उतारा मात्र बिनरेघांचा द्यायचा, ही नेहमीची चूक इथूनच येते.

अमेरिकन साहित्याचं साधन मिळवणं आज अवघड नाही. हाती आलेलं साधन नेमकं कोणतं, कधीचं आणि कुणी संपादित केलेलं, हे ओळखायला मेहनत लागते. पुढचा सगळा क्रम त्यासाठी आहे.

आधी एक कोरं पान

पुस्तकं जमवण्याआधी एक कोरा कागद आडवा धरा आणि त्यावर पाच ओळींचा तक्ता आखा. चौकट म्हणून नॉर्टन प्रकाशनाच्या अमेरिकन साहित्यसंग्रहाच्या पाच खंडांची विभागणी सोयीची आहे : आरंभापासून १८२०, १८२० ते १८६५, १८६५ ते १९१४, १९१४ ते १९४५ आणि १९४५नंतर. १८६५ हे यादवी युद्ध संपल्याचं साल आहे आणि १९१४ व १९४५ ही महायुद्धांची सालं आहेत. म्हणजे या रेघा साहित्याने आखलेल्या नाहीत, इतिहासाने आखल्यात. प्रत्येक ओळीत पाच रकाने ठेवा : लेखक, कृती, लिहिल्याचं साल, छापल्याचं साल, आणि मजकूर कुठून घेतला.

लिहिल्याचं आणि छापल्याचं साल वेगळं ठेवायला कारण आहे. विल्यम ब्रॅडफर्डने प्लिमथ वसाहतीचा इतिहास १६३०पासून पुढे वीसेक वर्षं लिहिला, पण तो पूर्ण छापला गेला १८५६मध्ये. एडवर्ड टेलर हा प्युरिटन कवी १७२९मध्ये वारला. त्याचं हस्तलिखित येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडलं १९३७ साली, आणि संग्रह निघाला १९३९मध्ये. मग टेलरचा एकोणिसाव्या शतकातल्या एमर्सनवर प्रभाव कसा शोधणार? एमर्सनने तो वाचलेलाच नव्हता. (टेलरला शोधून काढणारा टॉमस जॉन्सन हाच पुढे डिकिन्सनच्या कवितांचा संपादक झाला.) मार्क ट्वेनचं 'हकलबेरी फिन' ब्रिटन आणि कॅनडात डिसेंबर १८८४मध्ये आलं, अमेरिकेत फेब्रुवारी १८८५मध्ये. त्यामुळे दोन पुस्तकांत दोन सालं दिसली तर एक चुकलंय असं समजू नका. दोन्ही लिहून ठेवा.

नेट-सेटची तयारी करणाऱ्यांना हा तक्ता दुप्पट कामाला येतो. नेटच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत आणि त्यांत अमेरिकन साहित्याला स्वतंत्र घर नाही. ते नाटक, कविता, कादंबरी आणि ललितेतर गद्य यांत विखुरलेलं आहे. कालानुक्रम लावा म्हणणाऱ्या प्रश्नात कालखंडाचं नाव पाठ असून भागत नाही, साल माहीत असावं लागतं.

कालखंड आणि प्रवृत्ती यांची गल्लत इथेच सोडवून घ्या. १८६५ ते १९१४ हा कालखंड आहे, वास्तववाद ही त्यातली एक प्रवृत्ती. आपल्या मराठी नोट्समध्ये तर आणखी एक खड्डा आहे. 'नॅचरलिझम'चं 'निसर्गवाद' असं भाषांतर वाचून विद्यार्थी स्टीव्हन क्रेन आणि थिओडोर ड्रायझर यांच्यात झाडं-डोंगर शोधू लागतात. या लेखकांचा विषय आनुवंशिकता, परिस्थिती आणि त्यापुढे हतबल झालेला माणूस हा आहे. निसर्गात रमलेला माणूस हवा असेल तर एक खण मागे जाऊन थोरोकडे जावं लागेल.

'अमेरिकन रेनेसाँ' हे नावही त्या काळातलं नाही. एफ. ओ. मॅथिसन यांनी १९४१मध्ये त्या नावाचा ग्रंथ लिहिला आणि १८५० ते १८५५ या पाच-सहा वर्षांभोवती पाच लेखक बसवले : एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन. फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट बीचर स्टो यांना त्या पाचांत जागा नव्हती. स्टोची 'अंकल टॉम्स केबिन' १८५२ची, म्हणजे ऐन त्याच वर्षांतली. एखादं क्रमिक पुस्तक त्या पाच जणांवरच थांबत असेल तर त्याच्यामागे १९४१ सालची नजर आहे हे ध्यानात ठेवून पुढची पुस्तकं शोधा.

एकच संग्रह घ्या, पण प्रस्तावनेसकट वाचा

दहा गाइडं घेण्यापेक्षा एक चांगला संग्रह घ्यावा. नॉर्टनचा मोठा संच पाच खंडांचा आहे, संक्षिप्त आवृत्ती त्याहून लहान आणि स्वस्त मिळते. पदवी आणि पदव्युत्तर पातळीला एखाद-दोन आवृत्त्या जुना, वापरलेला संच घेतला तरी बिघडत नाही, कारण एमर्सनचा निबंध आवृत्तीगणिक बदलत नाही. बदलतात त्या प्रस्तावना, नव्याने घेतलेले लेखक आणि पृष्ठांक. म्हणून उतारा टिपताना आवृत्तीचा क्रमांक टिपायचाच. आठव्या आवृत्तीचं पान आणि दहाव्या आवृत्तीचा संदर्भ अशी सरमिसळ मार्गदर्शकाच्या पहिल्या नजरेतच पकडली जाते.

हीथ संग्रह पॉल लॉटर यांच्या संपादनाखाली १९९०मध्ये आला. स्त्रिया, कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि स्थलांतरित लेखक मुख्य प्रवाहात मोजायचे या हेतूनेच तो बांधला आहे. शक्य असेल तर ग्रंथालयात दोन्ही संग्रह शेजारी ठेवून एकाच कालखंडाची फक्त अनुक्रमणिका ताडून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण 'कॅनन' (मान्यताप्राप्त लेखक-कृतींची यादी) म्हणजे काय यावरच्या वर्गातल्या दोन तासांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या कपाटांत दिल्लीच्या युरेशिया पब्लिशिंग हाउसचे जुने संग्रहही असतात, एक एकोणिसाव्या शतकाचा आणि एक १८९० ते १९६५चा. मजकुरासाठी ते चालतील. मात्र १९६५पाशी थांबणाऱ्या संग्रहात टोनी मॉरिसन सापडणार नाही, तिची पहिली कादंबरीच १९७०ची.

संग्रहात आधी काय वाचायचं? कालखंडाची प्रस्तावना, मग तिच्याजवळची कालरेषा, मग लेखकाआधीची दोन-तीन पानी ओळख आणि शेवटी निवडक ग्रंथसूची. बहुतेक जण थेट कवितेवर उडी मारतात आणि ग्रंथसूची उघडतच नाहीत. प्रमाण आवृत्ती कोणती आणि चरित्र कुणाचं विश्वासार्ह हे तिथे दोन ओळींत आयतं लिहिलेलं असतं.

संग्रह घेणं परवडत नसेल तर मोफत क्रमिक पुस्तकं आहेत. नॉर्थ जॉर्जिया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलेलं 'बिकमिंग अमेरिका' हे वसाहतपूर्व काळापासून क्रांतीनंतरपर्यंतचं, आणि 'रायटिंग द नेशन' हे १८६५पासून आजपर्यंतचं. दोन्ही पूर्ण पीडीएफ उतरवून घेता येतात. मधला १८२० ते १८६५चा टप्पा मूळ मजकुरांवरूनच भरून काढावा. त्या काळाचं बहुतेक सगळं फुकट उपलब्ध आहेच.

मूळ मजकूर : कुठल्या काळासाठी कुठलं दार

पहिलं दार अर्थातच प्रोजेक्ट गुटेनबर्ग, हक्क संपलेल्या पुस्तकांचं फुकटचं संकेतस्थळ. मायकेल हार्ट यांनी १९७१मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकला, तिथून हा प्रकल्प सुरू झाला. वाचायला ही जागा उत्तम, पण संदर्भ द्यायला कच्ची. पृष्ठांक नसतात, आणि मजकूर कोणत्या छापील आवृत्तीवरून घेतला ते कधी सांगितलेलं असतं, कधी नसतं. म्हणून तिथे वाचा आणि उतारा घेण्याआधी इंटरनेट आर्काइव्ह किंवा हाथीट्रस्ट या पानांची छायाचित्रं ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर मूळ छापील प्रत उघडा. तीन गोष्टी पाहा : शीर्षकपान, त्याची मागची बाजू आणि संपादकाचं नाव. साल, प्रकाशक आणि 'सुधारित' असा शिक्का असला तर तो तिथेच दिसतो.

वसाहत आणि क्रांतिकाळासाठी मेरिलँड विद्यापीठाचं अर्ली अमेरिकाज डिजिटल आर्काइव्ह आहे. वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, हॅमिल्टन, मॅडिसन यांचा पत्रव्यवहार फाउंडर्स ऑनलाइनवर तळटिपांसह मोफत आहे. या काळात मूलनिवासींच्या मौखिक परंपरांचं साहित्यही येतं. ते वाचताना कुणी ऐकलं, कुणी लिहून घेतलं, कोणत्या साली भाषांतर केलं, हे विचारा. कित्येकदा लिहून घेणारा मिशनरी किंवा एकोणिसाव्या शतकातला मानववंशशास्त्रज्ञ असतो आणि मजकुरावर त्याची भाषा चढलेली असते.

१८२० ते १८६५चा खण सगळ्यात श्रीमंत आहे, तिथे वेळ द्या.

व्हिटमनसाठी वॉल्ट व्हिटमन आर्काइव्हच. 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' नावाचं एकच पुस्तक नाही. १८५५च्या पहिल्या आवृत्तीत बारा कविता होत्या आणि एकीलाही स्वतंत्र नाव नव्हतं. त्यानंतर १८५६, १८६०, १८६७, १८७१-७२, १८८१-८२ आणि शेवटची १८९१-९२ची, जिला 'मृत्युशय्येवरची आवृत्ती' म्हणतात. गुटेनबर्गवर साधारणपणे वाचली जाते ती हीच शेवटची. 'साँग ऑफ मायसेल्फ' हे शीर्षक १८८१मध्ये आलं, आणि पहिल्या ओळीतलं 'अँड सिंग मायसेल्फ' हे शब्दही तेव्हाच जोडले गेले. १८५५च्या ओळीत कवी स्वतःचा उत्सव करतो आणि थांबतो. त्यामुळे '१८५५ साली व्हिटमनने गायलं' असं लिहून खाली ती लांब ओळ दिली की साल आणि उतारा यांत सव्वीस वर्षांचं अंतर पडतं. आर्काइव्हवर सगळ्या अमेरिकन आवृत्त्या पानांच्या छायाचित्रांसह आहेत. त्यातल्या दोन निवडा, एकच भाग दोन खिडक्यांत उघडा आणि फरक पेन्सिलीने टिपा.

डिकिन्सनसाठी एमिली डिकिन्सन आर्काइव्हवर हस्तलिखितांची छायाचित्रं आहेत. कविता शोधताना क्रमांकाचा घोळ होतो. जॉन्सन यांची १९५५ची आवृत्ती १,७७५ कवितांची, राल्फ फ्रँकलिन यांची १९९८ची १,७८९ कवितांची. दोघांचे क्रमांक वेगळे : बग्गीची कविता जॉन्सनमध्ये ७१२, फ्रँकलिनमध्ये ४७९. नुसतं 'कविता ७१२' लिहिलं की वाचणाऱ्याला भलतीच कविता सापडू शकते, म्हणून क्रमांकाआधी संपादकाचं आडनाव हवं. गुटेनबर्गवरचे १८९०, १८९१ आणि १८९६चे तीन संग्रह तिच्या पहिल्या वाचकांनी काय वाचलं हे कळायला वापरा, तिच्या शैलीवर लिहायला नको.

गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या आत्मकथनांसाठी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं, चॅपल हिलचं, 'डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ' उघडा. डग्लसचं १८४५चं आणि हॅरिएट जेकब्सचं १८६१चं कथन तिथे मूळ पृष्ठांकांसकट आहे, म्हणजे संदर्भ देता येतो. जेकब्सचं पुस्तक 'लिंडा ब्रेंट' या टोपणनावाने निघालं होतं आणि पुढे बराच काळ ती रचलेली कादंबरी समजली जात होती. जीन फेगन येलिन यांनी १९८०च्या दशकात पत्रं आणि कागदपत्रं शोधून ते खरं आत्मकथन असल्याचं सिद्ध केलं. त्याआधीची समीक्षा हाती लागली तर ती या माहितीशिवाय लिहिलेली आहे हे धरून वाचा. मराठी वाचकाला या दालनात ओळखीची पाटी दिसेल : महात्मा फुल्यांनी १८७३ची 'गुलामगिरी' अर्पण केली ती हबशांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच.

मेलव्हिलची 'मोबी-डिक' १८५१च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला 'द व्हेल' या नावाने आधी निघाली, नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला. लंडनच्या प्रतीत उपसंहार नव्हता, त्यामुळे सगळं जहाज बुडालं तर गोष्ट सांगायला उरलं कोण, असा प्रश्न तिथल्या वाचकांना पडला. त्या काळची ब्रिटिश परीक्षणं वाचताना हे आठवणीत असू द्या. पोसाठी बाल्टिमोरच्या पो सोसायटीचं संकेतस्थळ पुरेसं आहे. एकेका कथेचे पोने स्वतः बदललेले पाठ तिथे सालवार लावलेत.

१८६५ ते १९१४साठी बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयाचं मार्क ट्वेन प्रोजेक्ट आणि नेब्रास्का विद्यापीठाचं विला कॅथर आर्काइव्ह पाहा. त्या काळातल्या कथा मासिकं-वर्तमानपत्रांत आधी येत. काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या 'क्रॉनिक्लिंग अमेरिका' या वर्तमानपत्रसंग्रहात लेखकाचं नाव आणि साल टाकून पाहिलं तर परीक्षणं आणि जाहिराती हाताला लागतात. छापील अक्षरं यंत्राने वाचलेली असल्यामुळे नावं तुटकी उमटतात. आडनावाने मिळालं नाही तर कृतीच्या शीर्षकातला एखादा विचित्र शब्द टाकून शोधा.

आधुनिकतावादासाठी, म्हणजे १९१४ ते १९४५च्या खणासाठी, पुस्तकांआधी मासिकं पाहावीत. मॉडर्निस्ट जर्नल्स प्रोजेक्टवर 'पोएट्री', 'द लिटल रिव्ह्यू' आणि डू बॉइस यांच्या 'द क्रायसिस'चे १९२२पर्यंतचे अंक जाहिरातींसकट पाहता येतात. एलियटची 'प्रुफ्रॉक' जून १९१५च्या 'पोएट्री'त कोणाच्या शेजारी छापली होती हे अंक उघडल्यावर दिसतं, कुठल्याही गाइडमध्ये नाही. हार्लेम रेनेसाँसाठी, म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या बहरासाठी, मार्च १९२५चा 'सर्व्हे ग्राफिक'चा विशेषांक शोधा. अ‍ॅलन लॉक यांचा 'द न्यू निग्रो' हा संग्रह त्यातूनच त्याच वर्षी उभा राहिला.

स्वामित्वहक्काचं गणित

विसाव्या शतकात आलं की 'अमुक पुस्तक फुकट का नाही' हा प्रश्न येतो. गुटेनबर्ग अमेरिकन कायद्याने चालतं. तिथला ढोबळ नियम असा : चालू सालातून ९६ वजा करा, त्या सालापर्यंत छापलेली पुस्तकं खुली. २०२६मध्ये हे उत्तर १९३० येतं. म्हणून फॉकनरची १९२९ची कादंबरी मिळते आणि १९३६ची नाही.

भारतात हिशेब वेगळा आहे : लेखकाच्या मृत्यूचं साल अधिक ६० वर्षं, आणि पुढच्या १ जानेवारीपासून खुलं. हेमिंग्वे १९६१मध्ये वारला, म्हणजे त्याच्या हयातीत छापलेली पुस्तकं भारतात २०२२पासून मुक्त. फॉकनर २०२३पासून, फ्रॉस्ट २०२४पासून. एलियट जानेवारी १९६५मध्ये वारला, तो १ जानेवारी २०२६पासून. लँगस्टन ह्यूज (मृत्यू १९६७) २०२८मध्ये आणि स्टाइनबेक (मृत्यू १९६८) २०२९मध्ये मोकळे होतील. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या पुस्तकांना ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. हेमिंग्वेच्या हयातीतच छापलेली 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही १९५२ची कादंबरी गुटेनबर्गवर नाही, तरी भारतातल्या वाचकाने ती वाचण्यात बेकायदा काही नाही. अशा पुस्तकांसाठी कॅनडातलं फेडेड पेज पाहावं. तिथे १९७१पर्यंत वारलेल्या लेखकांची पुस्तकं खुली धरली जातात. अमेरिका-युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र आपापल्या देशाचा नियम लावावा.

१९४५नंतरच्या लेखनाला फुकटचा रस्ता जवळजवळ नाही. इंटरनेट आर्काइव्हवर तासाभरासाठी पुस्तक उसनं मिळतं, पण २०२४मध्ये प्रकाशकांच्या बाजूने लागलेल्या निकालाआधीच पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनवारीतून काढली गेली. त्या भरवशावर प्रबंध आखू नका. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत अमेरिकन सेंटरचं ग्रंथालय आहे. सभासदत्व आणि प्रवेशाचे नियम फोनवर विचारूनच जा, कारण आत बॅग आणि मोबाइल नेण्यावर बंधनं असतात. पीएचडीच्या पातळीला हैदराबाद गाठावं. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरचा संग्रह आज तिथल्याच सेंटर फॉर इंटरनॅशनल प्रोग्रॅम्सकडे आहे. पूर्वी महाराष्ट्रातले अभ्यासकही तिथे मुक्काम टाकून वाचत.

कवींसाठी पोएट्री फाउंडेशन आणि अकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्सची संकेतस्थळं हक्क घेऊन कविता देतात, तिथला मजकूर विश्वासार्ह असतो. मॉरिसन (१९९३), सॉल बेलो (१९७६) यांची नोबेल व्याख्याने नोबेलच्या संकेतस्थळावर पूर्ण आहेत. लेखकाची भूमिका सांगायला एखाद्या गाइडचं वाक्य वापरण्यापेक्षा हे बरं.

समीक्षा शोधताना साल आधी पाहा

'केंब्रिज हिस्ट्री ऑफ अमेरिकन लिटरेचर' नावाचे दोन ग्रंथ आहेत. १९१७ ते १९२१मधला जुना इंटरनेटवर फुकट आहे, म्हणून शोधयंत्रात आधी तोच वर येतो. त्यात लाँगफेलोला स्वतंत्र प्रकरण आहे, मेलव्हिलला नाही. मेलव्हिलचं पुनरुज्जीवन १९१९च्या जन्मशताब्दीनंतर आणि १९२१च्या रेमंड वीव्हर यांच्या चरित्रानंतर झालं. सॅक्वन बर्कोविच यांच्या संपादनाखालचा नवा आठ खंडांचा ग्रंथ १९९४पासून निघाला. संदर्भात नुसतं 'केंब्रिज हिस्ट्री' लिहून भागणार नाही.

लेखांसाठी क्रम असा ठेवावा. आधी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना नियतकालिकं ऑनलाइन देणाऱ्या दोन योजनांबद्दल दोन प्रश्न विचारा : 'एन-लिस्टचं खातं मिळेल का?' आणि 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन आपल्याकडे सुरू आहे का?' दुसरी योजना जानेवारी २०२५पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं तिच्यात येतात आणि गांधीनगरचं इन्फ्लिबनेट तिचं काम पाहतं. विनासरकारी संस्थेत असाल तर बहुधा एन-लिस्टवर भिस्त. यांतलं काहीच नसेल तर जेस्टोर या अभ्यासलेखांच्या संग्रहावर स्वतःच्या ईमेलने मोफत खातं उघडा. महिन्याला १००पर्यंत लेख पडद्यावर वाचता येतात, उतरवून घेता येत नाहीत, म्हणून शेजारी वही हवी.

शोधशब्द नेमका द्या. 'अमेरिकन रिअ‍ॅलिझम' टाकलं की हजारोंनी लेख येतात. त्याऐवजी कृतीचं नाव अवतरणात, सोबत एक संकल्पना, आणि वर्षांची मर्यादा १९९०नंतर, असं द्यावं. मग जो लेख खरंच उपयोगी वाटतो त्याच्या पहिल्या तीन-चार तळटिपा वाचा. त्या विषयावर आधी कोण काय बोललंय याचा नकाशा तिथेच असतो. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संग्रहावरचे प्रबंधही याच पद्धतीने वापरावेत : शेवटची ग्रंथसूची आधी उघडायची, प्रकरणं नंतर. आधुनिक कवितांसाठी मॉडर्न अमेरिकन पोएट्री हे इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेलं संकेतस्थळ एकेका कवितेवरचे वेगवेगळ्या समीक्षकांचे उतारे एकत्र देतं. घाईत असलेल्याला त्याचा मोठा आधार आहे, फक्त उतारा वाचून अख्खं पुस्तक वाचल्याचा आव आणू नये.

ऐकून शिकायचं असेल तर ओपन येल कोर्सेसवर तीन पूर्ण अभ्यासक्रम आहेत : एमी हंगरफर्ड यांचा १९४५नंतरच्या कादंबरीवरचा, वाय ची डिमॉक यांचा हेमिंग्वे-फिट्झजेराल्ड-फॉकनरवरचा आणि लँग्डन हॅमर यांचा आधुनिक कवितेवरचा. उच्चार पकडणं जड गेलं तर प्रत्येक व्याख्यानाची लिखित प्रत सोबत आहे. परीक्षेपुरता सांगाडा हवा असेल तर यूजीसीच्या ई-पीजी पाठशाळेवरचे अमेरिकन साहित्याचे धडे आणि ई-ज्ञानकोशावरची इग्नूची पुस्तकं (एमईजी-०६ अमेरिकन साहित्य, एमईजी-११ अमेरिकन कादंबरी, एमईजी-१८ अमेरिकन कविता) पुरतात.

मराठीतून शिरायचं असेल तर तीन चांगली दारं आहेत. दुर्गा भागवतांनी थोरोचं 'वॉल्डन' 'वॉल्डनकाठी विचारविहार' म्हणून आणलं, पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेचा म्हातारा कोळी 'एका कोळियाने'मध्ये. जनार्दन वाघमारे यांचं 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे कृष्णवर्णीय साहित्याची अख्खी परंपरा मराठीत मांडणारं पुस्तक आहे. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून १९७२मध्ये दलित पँथरने नाव घेतलं, त्या दशकात ही परंपरा इथे कुठल्या ओढीने वाचली जात होती ते त्यातून कळतं. परीक्षेत उतारा मात्र मूळ इंग्रजीतूनच द्या.

चॅटबॉट आणि सारांशस्थळं

कथानक आठवायला सारांशस्थळ चालतं. चॅटबॉटकडून संदर्भ मागू नका. तो लेखकाचं खरं नाव, खऱ्या नियतकालिकाचं नाव आणि अस्तित्वात नसलेला लेख असं मिश्रण बिनदिक्कत देतो. मिळालाच असा संदर्भ, तर आधी नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो खंड आणि अंक उघडून अनुक्रमणिकेत लेख आहे का पाहा. लेख असेल तर पृष्ठांक जुळतो का ते पाहा. न जुळल्यास तो संदर्भ खोडा. तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात, मजकूर कुठून घेतला त्याच्या शेजारी, पडताळल्याची तारीखही टाका. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, आणि तोंडी परीक्षेत तुम्ही कोणती डिकिन्सन वाचली असं विचारलं गेलं तर तीच ओळ दाखवायची आहे.